वळणाला तुकडाच लागतो

पुण्या-मुंबईतल्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर कठड्याच्या पायथ्याशी नीट पाहिलं, तर जमीन आणि भिंत काटकोनात भेटत नाहीत. तिथे एक गोलसर चढ दिलेला असतो. गवंडी त्याला 'वाटा' म्हणतात. पावसाचं पाणी काटकोनात साचतं, तिथूनच ते स्लॅबमध्ये शिरतं आणि खालच्या खोलीचं छत ओल धरतं. म्हणून कोपरा मोडून त्याला गोलाई द्यायची. गच्चीच्या मधल्या भागावर अख्ख्या टाइल्स बसवता येतील, वाट्यावर मात्र येत नाहीत. टाइल सरळ आणि वाटा वाकलेला. मग मिस्त्री टाइल फोडतो आणि नाण्याएवढे तुकडे ओल्या मालावर एकेक करून दाबत जातो. बांधकामावर या कामाला चायना मोझॅक म्हणतात.

टाइल फोडायचीही रीत आहे. तुकडे मोठे राहिले तर वळणावर त्यांचे कोपरे वर येतात आणि अनवाणी पायाला लागतात. फार बारीक झाले तर पांढऱ्या झिलईपेक्षा सिमेंटच जास्त दिसतं. टाइलच्या पाठीला झिलई नसते, त्यामुळे ती मालाला घट्ट धरते. कपबशीचं तसं नाही. तिला आतून-बाहेरून झिलई असते आणि सिमेंट झिलईला चिकटत नाही. पकड मिळते ती फक्त फुटलेल्या कडेला आणि बशीच्या बुडाशी असलेल्या खरखरीत कडीला. म्हणून बशीचा तुकडा नुसता ठेवून चालत नाही, कडेपर्यंत रुतवावा लागतो. मग थापीने हलके ठोकून सगळे तुकडे एका पातळीत आणायचे, सांध्यांत पांढरं सिमेंट भरायचं, ते पुरतं सुकायच्या आत फडक्याने पुसायचं आणि शेवटी पातळ ॲसिडने धुऊन काढायचं. हे सगळं उन्हात, उकिडवं बसून करायचं काम आहे. बोटांना चिरा पडतात.

ही पद्धत स्वस्त पडते, म्हणून ती हलकी, असा एक समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. फुटक्या कपबशा, कारखान्याने बाजूला टाकलेला माल, म्हणजे पैसे नसलेल्याची सोय. पण बँकॉकच्या नदीकाठचं राजाश्रय लाभलेलं देऊळ, बार्सिलोनातल्या बड्या कारखानदाराच्या घराची धुराडी, व्हिएतनामच्या एका सम्राटाची समाधी आणि लिस्बनच्या एका सरदाराच्या बागेतल्या वास्तू या सगळ्यांवर फुटलेली चिनी मातीच जडवलेली आहे. यांतल्या कुणालाही अख्खा माल परवडत नव्हता असं नाही. त्यांना घुमट, शिखरं, वेटोळी आणि पाकळ्या मढवायच्या होत्या, आणि वळणाला तुकडाच लागतो.

या कामासाठी जगात सर्वांत नावाजलेलं शहर बार्सिलोना. तिथे या पद्धतीला 'त्रेंकादीस' म्हणतात आणि ती आंतोनी गाउदी (१८५२–१९२६) या वास्तुकाराच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे. एउसेबी ग्वेल हा कापडउद्योगातला धनाढ्य माणूस गाउदीचा आश्रयदाता. त्याच्या शहराबाहेरच्या इस्टेटीवर १८८४ ते १८८७ या काळात गाउदीने फाटक, तबेला आणि रखवालदाराचं घर बांधलं. तिथल्या छोट्या घुमट्यांवर त्याने फोडलेल्या टाइल्स पहिल्यांदा वापरून पाहिल्या. पुढे ग्वेलचा शहरातला वाडा (१८८६–१८९०) उभा राहिला तेव्हा त्याच्या गच्चीवर वीस धुराडी आली. कुणी शंकूच्या आकाराचं, कुणी पिळलेलं, कुणी कंगोऱ्यांचं. एकाची घडण दुसऱ्यासारखी नाही. त्यांतल्या एका पांढऱ्या धुराड्यावर ग्वेल कुटुंबाच्या, फ्रान्समधल्या लिमोजच्या किमती डिनर सेटचे तुकडे आहेत, असं तिथे सांगितलं जातं.

खरी कमाल झाली ती पार्क ग्वेलमध्ये. डोंगराच्या उतारावर साठ प्लॉट पाडून श्रीमंतांची वसाहत करायची, असा ग्वेलचा बेत होता. १९०० मध्ये काम सुरू झालं, १९१४ मध्ये थांबलं. तोवर घरं उभी राहिली होती फक्त दोन. १९२२ मध्ये नगरपालिकेने ती जागा विकत घेतली आणि १९२६ मध्ये सार्वजनिक बाग म्हणून खुली केली. धंदा म्हणून सपशेल आपटलेल्या या प्रकल्पातून शहराला मिळालं एक बाकडं. जवळजवळ ११० मीटर लांबीचं, नागमोडी, एका मोठ्या अंगणाच्या कडेने वळणं घेत जाणारं. बाकडंही तेच आणि कठडाही तोच.

या बाकड्याच्या रंगकामाचं श्रेय बरेच दिवस गाउदीच्या खात्यावर जमा होत राहिलं. ते जोसेप मारिया जुजोल (१८७९–१९४९) या त्याच्या तरुण सहकाऱ्याला द्यायला हवं. जुजोलने टाइल्सचे तुकडे रंगांच्या हिशेबाने लावले. एका वळणावर हिरवे-पिवळे, पुढच्यावर निळे, मध्येच फुलांच्या नक्षीची एखादी टाइल फोडून पुन्हा जवळजवळ मूळ जागी जुळवलेली. काही तुकड्यांवर त्याने प्रार्थनेतले शब्दही कोरून ठेवले. त्या बाकड्याखाली ८६ खांबांचा मंडप आहे आणि मंडपाच्या छतातली मोठी वर्तुळंही जुजोलचीच. तिथे त्याने टाइल्सवर न थांबता बशा, कप आणि बाटल्यांची बुडंही वापरली. खालून मान वर करून पाहिलं की अख्खी बशी ओळखू येते, तिच्याभोवती पसरलेले तुकडेही दिसतात आणि मग डोळा हलत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला या जागेतली आणखी एक गोष्ट आवडावी. वरच्या अंगणात पडलेलं पावसाचं पाणी मातीतून झिरपतं, खालच्या खांबांच्या पोटातून उतरतं आणि जमिनीखालच्या टाक्यात जमा होतं. म्हणजे तुकड्यांनी मढवलेला कठडा, पाण्याला दिलेली वाट आणि खाली साठवण हे सगळं एका आराखड्यात विचार करून बसवलेलं आहे. शोभा एकीकडे आणि पाण्याचा बंदोबस्त दुसरीकडे, अशी वाटणी गाउदीने केली नाही.

गाउदीच्या कामाच्या घाईबद्दलही एक आख्यायिका बार्सिलोनात सांगतात. लुईस ब्रू नावाचा मोझॅकचा कसबी कारागीर तुकडे एकेक करून निगुतीने लावत होता. ते पाहून गाउदी वैतागला आणि मूठमूठभर लावा, नाहीतर हे कधी संपायचंच नाही, असं म्हणाला. गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, फरक तिने नेमका पकडला आहे. रोमन आणि बायझंटाइन मोझॅकमध्ये दगडाचे आणि काचेचे छोटे चौकोन आधी मापात कापून घेत. चित्र आधी, तुकडे नंतर. त्रेंकादीसमध्ये तुकडा जसा फुटेल तसा हातात येतो आणि त्याच्या आकारावरून त्याची जागा ठरते. बार्सिलोनाजवळच्या एस्प्लुगेस गावचा पुजोल इ बाउसिस हा टाइलचा कारखाना त्या काळच्या वास्तुकारांना, गाउदीलाही, माल पुरवत असे. अशा कारखान्यात भट्टीतून वाकडं, डागाळलेलं, तडकलेलं बरंच काही बाहेर पडतं. ते उचलायला इथे गिऱ्हाईक तयार होतं.

कापलेला तुकडा आणि फुटलेला तुकडा हा भेद आपल्या प्रदेशातही दाखवता येतो. इराणी परंपरेतले काशीकाम करणारे कारागीर झिलईची टाइल नक्षीबरहुकूम कापत आणि तुकडे सांध्याला सांधा भिडवून बसवत. दौलताबादच्या किल्ल्यातल्या चिनी महालाला नाव पडलं ते झिलईच्या टाइल्समुळेच. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने तिथेच कैदेत ठेवलं होतं. आज भिंतीवर त्या टाइल्सचे थोडेच अवशेष उरले आहेत. ती दरबारी कला होती, तिला आराखडा लागे, उस्ताद लागे आणि खजिना लागे. फुटलेल्या मालाची परंपरा तिच्यापेक्षा वेगळ्या वाटेने आली. ती आली बंदरांतून.

चिनी मातीची भांडी जहाजांनी दूरवर नेली जात, आणि जड असल्यामुळे ती जहाजाच्या तळाशी रचली जात. तळाशी वजन असलं की जहाज लाटांवर डळमळत नाही. वरचा रेशमाचा, चहाचा माल कोरडा राहतो. भांडी भिजली तरी त्यांचं काही बिघडत नाही, पण ती फुटतात. जिथे जिथे अशी जहाजं रिकामी होत, तिथे तिथे फुटलेल्या मालाचे ढीग साठत गेले.

बँकॉकच्या चाओ फ्राया नदीकाठचं वाट अरुण हे या ढिगांचं सर्वांत भव्य रूप. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, दुसऱ्या आणि तिसऱ्या राम राजांच्या काळात, त्याचं मधलं शिखर वाढवून आजच्या उंचीला नेलं आणि मग ते चिनी भांड्यांच्या तुकड्यांनी आणि शिंपल्यांनी मढवलं. हे तुकडे चीनहून आलेल्या जहाजांच्या तळातले, असं तिथली परंपरा सांगते. दुरून शिखर एकजीव करडं-पांढरं दिसतं. पायऱ्या चढून हातभर अंतरावर गेलं की स्वयंपाकघरच भिंतीवर चढल्यासारखं वाटतं. छोटी बशी मध्यभागी ठेवून तिच्याभोवती मोठ्या ताटाच्या काठाचे तुकडे पाकळ्यांसारखे मांडलेले आहेत. ताटाचा काठ मुळातच किंचित वळलेला, त्यामुळे पाकळीला उठाव आपोआप आला आहे. वाडग्याचा तुकडा पानाच्या जागी, त्याच्यावरची निळी-हिरवी वेलबुट्टी पानाच्या शिरांच्या जागी. तुकडा नुसता रंगासाठी निवडलेला नाही, त्याचं मूळ वळण ओळखून निवडला आहे. असे मोजके हात त्या काळी शिखरावर चढून किती पावसाळे काम करत राहिले असतील, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

२०१३ ते २०१७ या काळात या शिखराची मोठी डागडुजी झाली. निखळलेल्या जागी नवे तुकडे बसले, जुने घासून स्वच्छ झाले, आणि परांची उतरल्यावर बँकॉककरांनी एकच ओरड केली की शिखर भलतंच पांढरं झालं, जुनी नजाकत गेली. तिथल्या ललित कला खात्याचं म्हणणं होतं की मूळ रंग हाच, आपण शेवाळ आणि काजळीला सरावलो होतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तरीही नव्या, एकसारख्या तुकड्यांनी जुन्या, वेगवेगळ्या भट्ट्यांतून आलेल्या तुकड्यांची जागा भरता येत नाही, ही तक्रार रास्तच म्हणायला हवी.

दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर, फुजियान आणि चाओशान भागात, या कामाने आणखी एक पाऊल टाकलं. तिथल्या देवळांच्या छपरांवर ड्रॅगन, फिनिक्स पक्षी, फुलं आणि पुराणातले योद्धे बसवायची रीत आहे. आतला सांगाडा तारेचा आणि चुन्याचा, वरची कातडी चिनी मातीच्या तुकड्यांची. सुरुवातीला फुटक्या वाडग्यांवर भागलं. मागणी वाढली तशी कुंभारांनी या कामासाठी म्हणूनच पातळ, भडक रंगांचे वाडगे भाजायला घेतले. जेवणासाठी नाहीत, फोडण्यासाठी! कारागीर चिमट्याने त्यांचे खवले पाडतात आणि ड्रॅगनच्या अंगावर शेपटीपासून डोक्यापर्यंत एकावर एक चढवत जातात. ही कला स्थलांतरितांबरोबर तैवानला गेली, मलायात गेली. पेनांगच्या जॉर्ज टाउनमधलं खू कोंगसी हे १९०६ मध्ये पुन्हा उभारलेलं कुलमंदिर पाहिलं की त्या कामाची ताकद कळते.

व्हिएतनाममध्ये ह्युए शहराजवळ सम्राट खाई दिन्ह याची समाधी १९२० ते १९३१ या काळात बांधली गेली. बाहेरून ती काळपट काँक्रीटची. आतल्या दालनात गेलं की भिंतींवर चिनी मातीच्या आणि काचेच्या तुकड्यांची फुलझाडं, पक्षी, फळांच्या परड्या दाटून आलेल्या दिसतात. राज्य फ्रेंचांच्या ताब्यात, सम्राट नामधारी, आणि या बांधकामासाठी प्रजेवर वाढीव कर बसवलेला. तुकड्यांचं काम म्हणजे काटकसर, हा समज इथे पुरता कोसळतो.

या सागरी वाटेवरचं आपल्या जवळचं बंदर गोवा. मकाव ते गोवा आणि गोवा ते लिस्बन अशी पोर्तुगीजांची जहाजं चालत आणि चिनी भांडी याच वाटेने युरोपात पोचत. लिस्बनच्या वेशीवरच्या फ्रोंतेइरा राजवाड्याच्या बागेत, सतराव्या शतकातल्या बांधकामावर, शिंपले, काच, खडे आणि चिनी बशांचे तुकडे एकत्र जडवलेले आहेत. राजघराण्यातल्या पाहुण्याला मेजवानी दिली, आणि त्या ताटांत पुन्हा कुणी जेवू नये म्हणून ती फोडून भिंतीत बसवली, अशी कथा तिथे सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी ते तुकडे पूर्वेकडून कुठल्या वाटेने आले, हे स्पष्ट आहे. आणि त्या वाटेवरच्या गोव्यातही जुन्या घरांच्या बल्कांवात (ओसरीत) आणि सालात (दिवाणखान्यात) चिनी मातीच्या तुकड्यांची जमीन केलेली आढळते. पाय ठेवायला थंड, पुसायला सोपी आणि लाल मातीच्या पावसाळ्यात डाग न धरणारी.

महाराष्ट्रातल्या घरांत कपबशी यायला मात्र बराच काळ गेला. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात तांब्या-पितळेला मान होता, चिनी मातीला उंबऱ्याबाहेरची जागा. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहाचे पेले पुढे आले आणि त्यावरून रानडे-टिळकांसह अनेकांना ग्रामण्याला, म्हणजे जातबहिष्काराला, तोंड द्यावं लागलं, हे प्रकरण मराठी वाचकाला ठाऊकच आहे. पुढच्या दोन पिढ्यांत चित्र पालटलं. चहाने कपबशी आत आणली, लोणच्याने बरणी आणली. या बरण्या घडवण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा होता. सौराष्ट्रातल्या थानगढ, मोरबी, वांकानेर या पट्ट्यात चिनी मातीचा उद्योग उभा राहिला, त्याच्या आद्य उद्योजकांत परशुराम गणपुले यांचं नाव येतं. त्यांच्या परशुराम पॉटरी वर्क्सचा माल घरोघरी गेला. आज तोच पट्टा टाइल्सच्या उत्पादनासाठी जगभर ओळखला जातो.

या मालाची अडचण अशी की त्याला मोड नाही. पितळेचं पातेलं चेपलं तर ते मोडीत जातं, वजनावर पैसे येतात. काच वितळवून पुन्हा ओतता येते. बोहारीण जुन्या लुगड्यावर भांडं देते. फुटलेल्या बशीचं मात्र कुणी काही देत नाही. भाजलेली माती परत चाकावर चढत नाही. त्यात फुटकं भांडं घरात ठेवू नये हा संस्कार. म्हणून ती उकिरड्यावर जाते आणि तिथेही कुजत नाही, गंजत नाही. भट्टीत खराब निघालेला आणि वाहतुकीत फुटलेला माल कारखान्याबाहेर तसाच साठत जातो. गुजरातमधल्या गच्च्यांवर पांढरे तुकडे चढले, त्याला हे सान्निध्य कारण आहे. आणि ऊन हे दुसरं कारण. पांढरी झिलई ऊन परतवते, खालची खोली कमी तापते. अखंड सिमेंटचा थर उन्हाने फुगून-आकसून एका रेषेत तडकतो. तुकड्यांच्या गच्चीत ताण असंख्य बारीक सांध्यांत वाटला जातो. अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटांसाठी कृती आराखडा केला. अशा आराखड्यांत देशातला तो पहिलाच. त्यानंतर छतं थंड ठेवायच्या उपायांवर जी चर्चा सुरू झाली, तिच्यात पांढऱ्या रंगाच्या जोडीला चायना मोझॅकही आला. मिस्त्री लोक जे कित्येक वर्षं करत आले, ते आता धोरणाच्या कागदावर उतरलं.

गच्चीवरच्या या कामाला वास्तुकलेत मानाची जागा मिळवून दिली बाळकृष्ण दोशी यांनी. त्यांचा जन्म पुण्यातला (१९२७), शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये, उमेदवारी पॅरिसमध्ये ल कोर्बुझिए यांच्याकडे, आणि कर्मभूमी अहमदाबाद. १९८० च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या कचेरीसाठी 'संगाथ' ही वास्तू बांधली. लांबट अर्धगोल कमानींची छतं, निम्मी जमिनीत गेलेली, आणि वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सची कातडी. पावसाचं पाणी या पाठींवरून ओघळून पन्हळीत येतं आणि तिथून बागेतल्या टप्प्याटप्प्यांच्या कुंडांत उतरतं. अहमदाबादच्या उन्हाळ्यात या छतांकडे डोळे बारीक करूनच पाहावं लागतं.

त्यानंतरची 'अमदावाद नी गुफा' (१९९२–९५) दोशींनी पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्यासाठी केली. पुण्यात जन्मलेल्या वास्तुकाराने पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकारासाठी अहमदाबादेत बांधलेली ही वास्तू जमिनीखाली आहे. वर दिसतात ते एकमेकांत मिसळलेले घुमट. सरळ भिंत नाही, काटकोन नाही. रचनेचं गणित संगणकावर सोडवलं, आणि बांधकाम केलं साध्या हत्यारांनी काम करणाऱ्या मजुरांनी. जाळीवर हाताने सिमेंट थापून केलेलं कवच जेमतेम इंचभर जाडीचं. त्यावर चायना मोझॅक. पांढऱ्या तुकड्यांच्या पाठींवरून काळ्या तुकड्यांचा एक नाग वळवळत गेलेला आहे. आत हुसेन यांनी थेट भिंतींवर चित्रं काढली, त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. पण बाहेरच्या त्या घुमटांवर तुकडे बसवताना एका घुमटाचं वळण दुसऱ्याच्या वळणात कुठे मिसळतं, नागाचं वेटोळं कुठून उचलायचं, हे कागदावरून ठरवता येत नाही. ते मिस्त्रीने गुडघ्यावर बसून, तुकडा हातात फिरवून ठरवलं. दोशींना २०१८ मध्ये वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळाला, आणि हा सन्मान मिळालेले ते पहिले भारतीय. त्या सन्मानात गच्चीवरच्या कारागिराचा हिस्सा मोठा आहे, हे स्पष्ट म्हणायला हवं.

काही माणसांनी वास्तुकार, आश्रयदाता, पैसा यांतलं काहीच नसताना हे काम केलं. फ्रान्समधल्या शार्त्र गावात रेमों इझिदोर (१९००–१९६४) हा कब्रस्तानात झाडलोट करणारा माणूस वाटेवरचे बशांचे तुकडे खिशात घालून घरी आणी. १९३८ च्या सुमारास त्याने घराच्या भिंती मढवायला घेतल्या. मग खोल्या, अंगण, चूल, शिवणयंत्र, काहीच सोडलं नाही. गावाने त्याला वेडगळ ठरवलं. १९८३ मध्ये फ्रेंच सरकारने ते घर ऐतिहासिक वास्तू म्हणून जाहीर केलं. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात इटलीहून आलेल्या सायमन रोडियाने १९२१ ते १९५४ अशी तेहतीस वर्षं एकट्याने लोखंडी मनोरे उभारले आणि त्यांवर टाइल्स, बशा, शिंपले, बाटल्यांची काच जडवली. महापालिकेने ते धोकादायक ठरवून पाडायला काढले. १९५९ मध्ये लोकांच्या आग्रहावरून यंत्राने ओढून त्यांची ताकद तपासली. मनोरा जागचा हलला नाही, ओढणारं यंत्रच वाकलं.

आपल्याकडचं असंच काम चंदीगडमध्ये आहे, आणि आकाराने ते या दोघांनाही मागे टाकतं. नेक चंद सैनी यांचा जन्म १९२४ चा, गाव बेरियाँ कलां, शकरगढ तहसील. फाळणीत ते गाव पाकिस्तानात गेलं आणि कुटुंब इकडे आलं. चंदीगड उभारणीच्या काळात नेक चंद यांना सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ता निरीक्षकाची नोकरी लागली. ल कोर्बुझिए यांच्या आखीव शहरासाठी जुनी गावं हटवली जात होती. त्या गावांतल्या घरांचे अवशेष, फुटकी भांडी, चुली, बांगड्या असं सगळं मागे पडलेलं. १९५७ पासून नेक चंद सायकलवरून ते गोळा करू लागले आणि शहराच्या उत्तरेच्या जंगलपट्ट्यात, जिथे बांधकामाला बंदी होती तिथे, नोकरीनंतर रात्री एकट्याने त्यातून पुतळे घडवत राहिले. दिवसा सरकारी रस्ते, रात्री स्वतःचं राज्य. हे कित्येक वर्षं कुणाला कळलं नाही.

त्यांच्या पुतळ्यांची घडण समजून घेण्यासारखी आहे. आतला सांगाडा बहुधा भंगारातल्या लोखंडाचा, सायकलच्या सुट्या भागांचाही. त्यावर सिमेंटचा माल चढवायचा आणि तो ओला असतानाच तुकडे रुतवायचे. बांगड्यांच्या काचा उभ्या लावल्या की घागऱ्याच्या चुण्या होतात. बशीचे पांढरे तुकडे सदऱ्याला, निळी किनार असलेले तुकडे बाहीच्या काठाला. विजेच्या फ्यूजची चिनी मातीची बुचं, फुटकी वॉशबेसिनं, तुटके सॉकेट असा माल भिंतीच्या भिंती भरून लावलेला. चेहरे मात्र बहुतेक साधे, नुसत्या सिमेंटचे. एका रांगेत उभ्या असलेल्या अशा शेकडो बायका, पुरुष, मोर, माकडं आणि घोडे पाहताना लक्षात येतं की हटवलेल्या गावातली वस्तीच त्या माणसाने पुन्हा उभी केली आहे. घागऱ्याची चुणी, पोटाची गोलाई, मोराची मान यांतलं काहीही अख्ख्या टाइलने झालं नसतं.

सत्तरच्या दशकात हे काम अधिकाऱ्यांच्या नजरेस पडलं. नियमाने ते पाडायलाच हवं होतं. तसं झालं नाही, याचं श्रेय शहरातल्या काही जाणत्या अधिकाऱ्यांना आणि नागरिकांना. १९७६ मध्ये हे काम रॉक गार्डन म्हणून रीतसर खुलं झालं, नेक चंद यांना पगार देऊन त्याच कामावर नेमलं आणि हाताखाली पन्नास मजूर दिले. शहरात टाकाऊ माल गोळा करायची केंद्रं उघडली. बारा एकरांपासून वाढत बाग चाळीस एकरांच्या घरात गेली. १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. वॉशिंग्टनमधल्या मुलांच्या संग्रहालयासाठीही त्यांनी अशीच एक बाग केली.

पण कौतुकाने संरक्षण मिळालं नाही. १९९० मध्ये बागेतून रस्ता काढण्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा चंदीगडकरांनी साखळी करून ते अडवले. १९९६ मध्ये नेक चंद परदेशी व्याख्यानांना गेलेले असताना बागेत तोडफोड झाली. त्यांनी परत येऊन पुतळे पुन्हा जोडले. १२ जून २०१५ ला ते गेले. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाकडे जाणारा रस्ता रुंद करण्यासाठी बागेच्या भिंतीचा एक भाग प्रशासनाने पाडला. नागरिक रस्त्यावर उतरले, तरी भिंत गेली ती गेलीच.

पाडलेला भाग दुसरीकडे बांधून देण्याची भाषा अशा वेळी हमखास होते. पण हे काम सिमेंट आणि बशांचे तुकडे पुरवून होत नाही. ते पुतळे एका माणसाच्या आणि त्याच्या हाताखाली तयार झालेल्या मजुरांच्या बोटांतून उतरले आहेत. बागेच्या देखभालीसाठी परदेशातून हौशी स्वयंसेवक येतात, तुकडे जोडायला बसतात. त्यांचे आभारच मानायला हवेत. मात्र ओल्या मालात बशी किती रुतवायची, वळणावर तुकडा कसा फिरवायचा, कुठला तुकडा दोन पावसाळ्यांत निघून येईल, हे अहमदाबाद-मुंबईच्या गच्च्यांवर रोज काम करणाऱ्या मिस्त्रींना हाताच्या सवयीने कळतं. चंदीगडच्या दुरुस्तीला त्यांना बोलवायला हवं, रोजंदारीवर नाही, जाणकार म्हणून. आणि त्यांच्या हाताखाली तिथली चार मुलं शिकायला बसवायला हवीत.